मोटरीचा आठवडा

आमच्या इमारतीत तिला सगळे फौजदार म्हणतात. नाव तिच्या वडिलांनी ठेवलं. पाळण्यात असताना दुधाला जरा उशीर झाला, की ती अशी डोळे वटारून बघायची की बापाला अटक झाल्यासारखं वाटायचं.

जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला, त्यामुळे तिचे हातपाय तिचं ऐकत नाहीत आणि बोलताना एकेक शब्द ओढून काढावा लागतो. डोकं मात्र लख्ख. वडील गेल्यापासून घरात ती आणि आई. आई कपडे शिवते, फौजदार एका बोटाने छापखान्याचा मजकूर टाइप करते. वय चोवीस, तरी लोक तिच्यादेखत आईला विचारतात, "काय म्हणते ही?" आई मशीनवरून मान वर न करता सांगते, "तिला तोंड आहे, तिलाच विचारा."

आमच्याकडे नळाचं पाणी आधी खालच्या टाकीत येतं, मग मोटर लावून गच्चीवरच्या टाकीत चढवावं लागतं. ही मोटर दर आठवड्याला एका घराने सांभाळायची. वेळेवर लावायची, टाकी भरली की बंद करायची. विसरलं की अख्ख्या इमारतीच्या शिव्या खायच्या. फौजदारच्या घराला हे काम पहिल्यापासून माफ होतं. "त्यांच्यामागे आधीच काय कमी आहे?" असं सेक्रेटरी म्हणायचे. आईला त्यात बरं वाटायचं. फौजदारच्या अंगाची आग व्हायची.

एका रविवारी खाली पार्किंगमध्ये मीटिंग भरली. सेक्रेटरींनी पुढचे आठवडे कुणाकुणाचे ते सांगितलं आणि फौजदारने हात वर केला.

"आमचा... आठवडा..."

"तुम्हाला माफ आहे गं बाळा," सेक्रेटरी म्हणाले.

तिने दम घेतला. "आमचा... आठवडा... मला..."

"कळलं, कळलं. वॉकरसाठी उतार हवाय. पुढच्या मीटिंगला घेऊ." मागून कुणीतरी टाळ्याही वाजवल्या.

ती पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरू झाली. तळमजल्यावरच्या काकूंनी मध्येच विचारलं, "घरी कुणी आजारी आहे का?" ती पुन्हा पहिल्या शब्दावर गेली. मान ताठरली होती, ओठांवर लाळ आली होती. ती बाहीने पुसली आणि परत सुरुवात केली. लोक चुळबुळायला लागले.

"अहो, तुम्हीच सांगा ना तिला काय हवंय ते," कुणीतरी तिच्या आईला म्हणालं.

आईला ठाऊक होतं. "वाक्य तिचं आहे," ती म्हणाली. "मी कशाला उष्टावू?"

मग सगळे चुळबुळ थांबवून ऐकू लागले.

"आमचा... आठवडा... मला... हवा. माफी... नको. मी... काय... गुन्हा... केलाय?"

सेक्रेटरींनी चष्मा काढून पुसला. "अगं पण तिथे ओल असते. बटण उंचावर. पडलीबिडलीस तर जबाबदारी कुणाची?"

"माझी."

"तसं नसतं बाळा."

"मी... बाळ... नाही. आणि... तुम्ही... तिथेच... पडला... होतात. तेव्हा... कुणाची... होती?"

हशा पिकला. सेक्रेटरीही हसले, पण हसून झाल्यावर त्यांनी मान नकारार्थीच हलवली. तेव्हा काकू उठल्या. "माझे गुडघे गेलेत, मला कोण माफ करतंय? तिला हवाय तर द्या. बटण तेवढं खाली घ्या, मलाही बरं पडेल."

वायरमनने बटण खाली घेतलं आणि फौजदारचा आठवडा सुरू झाला. लिफ्टने खाली, वॉकर टेकत मोटरीच्या खोलीत, मग कोपराने बटण. पहिले काही दिवस सुरळीत गेले. मग एका सकाळी ती टाइप करण्यात गुंगली आणि टाकी भरून वाहिली. पाणी गच्चीवरून थेट खाली, काकूंच्या वाळत घातलेल्या चादरींवर.

काकू तणतणत वर आल्या. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? आख्खी दोरी भिजवलीस!"

आई मशीनवरून उठली. "अहो, जाऊ द्या, तिला कुठे..."

फौजदारने वॉकर आईच्या पुढ्यात आडवा घातला. "मला... ओरडतायत. ओरडू... दे."

काकू मनसोक्त ओरडल्या. इतरांवर ओरडतात तितक्याच, हातचं काही न राखता. फौजदारने सगळं ऐकून घेतलं. चेहरा लाल झाला होता, पण नजर खाली नव्हती.

"चुकलं," ती म्हणाली. "उद्या... मोटर... मीच... लावणार."

"मग काय मी लावणार आहे?" काकू म्हणाल्या आणि लिफ्टने खाली गेल्या.

तिने आठवडा पुरा केला. आता तिचाही आठवडा सगळ्यांसारखा येतो.

ही गोष्ट पलीकडच्या इमारतीत पोचली. तिथल्या एका अंध मुलीची आई फौजदारकडे आली. "आमच्या मुलीलाही सगळं माफच आहे हो. कसं बोलायचं ते सांगतेस का?"

"तुम्ही... नको," फौजदार म्हणाली. "तिला... पाठवा."

मुलगी आली. दोघी दुपारभर गॅलरीत बसल्या होत्या. काय ठरलं ते आम्हाला कळलं नाही, पण त्या इमारतीच्या पुढच्या मीटिंगला दोघी पहिल्याच रांगेत बसलेल्या दिसल्या.