गाळलेलं वाक्य

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. आमचे कागद सरळ मार्गाने झाले असं त्याला वाटतं — आणि मी ते वाटू दिलं.

आता आम्ही लंडनजवळ पिनरला राहतो. त्याआधी बरीच वर्षं इंग्लंड आणि फ्रान्सच्या मधल्या चॅनेल आयलंड्सपैकी एका बेटावर होतो. मी तिथल्या हॉस्पिटलात नर्स. एवढंसं बेट, पण नियम केवढे! कुठलं घर भाड्याने घ्यायचं, तेसुद्धा तुमच्या रहिवासी कार्डावर ठरणार. सलग दहा वर्षं राहिलात तर तुम्ही तिथले. मधे मोठा खंड पडला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

माझा खंड पडला होता. पहिलं बाळंतपण माहेरी — हे आमच्याकडे कुणी ठरवतसुद्धा नाही, ते ठरलेलंच असतं. मीही नागपूरला गेले. डिंकाचे लाडू, शेकशेगडी, आईचं 'अजून थोडे दिवस राहा गं'... आठ महिने कधी गेले कळलं नाही. बेटाचे नियम तेव्हा आठवणार होते कुणाला?

त्या आठ महिन्यांत माझी खिडकीतली तुळस जगवली ती मार्गरेटने. आमची शेजारीण, सत्तरी ओलांडलेली, एकटी. किती केलं या बाईने! लेकीसाठी स्वेटर विणले, मी ड्यूटीवर असताना तिला सांभाळलं, मला ताप आला तेव्हा सूप घेऊन दारात उभी. परदेशात मला आई मिळाली, आणखी काय सांगू? फक्त खोटं तिला खपायचं नाही. चर्चमधल्या पाद्र्यालासुद्धा 'आज कंटाळा आला' असं तोंडावर सांगायची.

दहा वर्षं भरली आणि घरमालकाने घर विकायला काढलं. परवडेल असं दुसरं घर हवं, तर कार्डावरचा दर्जा बदलायला हवा. कागदपत्रांचं सगळं मीच बघायचे; अर्जाला जुन्या शेजाऱ्याचं पत्र हवं. ते मीच टाइप करून नेलं. तोवर मार्गरेटला अक्षरं दिसेनाशी झाली होती.

"तूच वाच ना, डिअर," ती म्हणाली.

मी वाचलं. नर्स आहे मी — ऑपरेशनच्या संमतीचा कागद पेशंटला शब्दन् शब्द वाचून दाखवणारी बाई. आणि तिच्या स्वयंपाकघरात, माझ्याच तुळशीच्या मंजिऱ्यांतून उगवलेलं रोप समोर असताना — मी एक वाक्य गाळलं. ते ऐकून तिने सही केली असती का? नसती. आठ महिने पाणी तिनेच घातलं होतं.

"सगळं वाचलंस?"

"हो, एवढंच."

मी तिचा हात धरून पेन योग्य जागी टेकवलं.

कार्ड आलं, घर मिळालं, लेकीची शाळा सुटली नाही. मार्गरेटने केक केला, मला मिठी मारली, म्हणाली, आता तू इथलीच. त्या सगळ्या वर्षांसाठी मी तिची ऋणी आहे, अगदी मनापासून. आणि जे तिने प्रेमाने दिलं, त्यातलंच मी तिला फसवून घेतलं.

गेल्या महिन्यात तिच्या भाचीचा मेसेज आला. मार्गरेट गेली.

ते वाक्य असं होतं, मार्गरेट — 'या दहा वर्षांत ही व्यक्ती कधीही सलग तीन महिन्यांहून जास्त बेटाबाहेर राहिलेली नाही, हे मी स्वतः पाहिलेलं आहे.'

खाली तुझी सही आहे.