शेवटच्या कोऱ्या पानावर

आमच्या वाचनालयात पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने मत लिहायची पद्धत आहे. सध्या जग संपल्यानंतरची एक कादंबरीमाला हातोहात फिरते आहे. तळघरात नऊ माणसं उरली आहेत, त्यांत एक म्हातारी. तिसऱ्या भागामागची सगळी मतं तिच्यावरच आहेत. "ही अजून जिवंत कशी?" "हिच्या वाट्याच्या अन्नात दोन मुलं जगली असती." त्याखाली मी लिहिलं, "दुसऱ्या भागातच बाहेर काढायला हवी होती."

असलं काही वाचताना आपण स्वतःला नेहमी अन्न वाटणाऱ्यांत धरतो. खाणाऱ्या तोंडांत कोणी आपलंही तोंड मोजत असेल, हे मनातही येत नाही.

माझ्यानंतर ते पुस्तक सासूबाईंनी घेतलं. त्या आधी शेवटचं पान वाचतात.

"हे तुझं अक्षर ना गं?"

"हो. गोष्टीतली बाई आहे ती, आई."

"मग बरोबरच लिहिलंयस," त्या म्हणाल्या आणि पहिल्या पानापासून वाचायला बसल्या.

त्या दिवसापासून त्या जेवताना दुसरी पोळी घेत नाहीत. मीही आग्रह करत नाही.