मुठीतलं पाकीट

सलाईनची सुई बदलायला सिस्टरने शीतलची मूठ उघडली आणि आत गोळ्यांचं रिकामं पाकीट निघालं. ते पाकीट मी कोल्हारच्या घरी, चुलीत, माझ्या हाताने जाळलं होतं.

शीतल माझी सून. नगरच्या दवाखान्यात दोन दिवस बेशुद्ध. पोट घागरीएवढं, डोळे पिवळे. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं – लिव्हरमधून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा गाठींनी बंद झाल्यात. रक्त आत येतं, बाहेर जात नाही.

"कसल्या गोळ्या घेत होती का?" त्यांनी तेव्हाच विचारलं होतं.

मी म्हणाले, "न्हाई."

माझा मुलगा दत्ता शेजारी उभा होता. त्याच्यासमोर काय सांगणार? नवरात्रात घटाला विटाळ नको म्हणून पाळी लांबवायच्या गोळ्या मीच आणल्या. पुढे घरात देवीचा गोंधळ घालायचा होता, म्हणून आणखी आणल्या. "आत्या, डोकं लई जड झालंय," ती म्हणायची. "देवाचं काम हाय, चार दिवस सोस," मी म्हणायची. पोट वाढलं तेव्हा वाटलं, दिवस गेले. मी चिंचा आणून दिल्या.

जळालेली वस्तू परत येते, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. अंगात आलेल्या बायांना मी तांब्याभर पाणी मारून शुद्धीवर आणलंय. पण पाकिटाचा कोपरा मी दाताने तोडला होता, तो तसाच होता. मेडिकलवाल्याने मारलेली निळी रेघही तीच. भरती करताना सिस्टरने तिच्या बांगड्या, कपडे, सगळं काढून माझ्याकडे दिलं होतं. हात मोकळे होते... मी पाहिलेत.

"आई, ह्या कसल्या गोळ्या?" दत्ताने विचारलं.

मग सांगितलं. सगळं, डॉक्टरांसमोर.

"आजी, हे परवाच सांगायचं ना! तिचं रक्त मुळात गोठणारं असेल, त्यात ह्या गोळ्या!"

दत्ता एवढंच म्हणाला, "तू बाहेर बस."

बसले. पुण्याला नेऊन तिच्या शिरेत जाळी घातली, तेव्हाही बाहेरच बसले. दुसरं काय करणार होते?

शीतल वाचली. नंतर तिला पाकिटाचं विचारलं. "मला काय म्हाईत, आत्या? मी तर शुद्धीतच नव्हते." ते कुठून आलं, मला आजही कळलेलं नाही.

यंदा घट बसायच्या दिवशीच तिला पाळी आली. तिने अंघोळ केली आणि घट मांडायला बसली. मी माती पुढे सरकवली.