सर्वणचे नारिंगमास्तर

नारिंगमास्तर स्वतः नारिंग कधी खात नसत. पित्त होतं म्हणत. पण सर्वणला त्यांच्या कुळागरात, म्हणजे माडा-पोफळींच्या बागेत, नारिंगाचं एक जुनं झाड होतं आणि हंगामभर त्याची फळं ते पिशवीतून शाळेत आणत. गोव्याच्या मुक्तीनंतर डिचोलीकडे ज्या सरकारी मराठी शाळा निघाल्या, त्यांतल्या एकीत आम्ही दोघं शिक्षक होतो. मी पेडण्याकडची, कोरगावची. नवी नेमणूक, भाड्याची खोली. ते निवृत्तीला आलेले, आणि चालताना दर वळणावर थांबणारे.

चौथीच्या वर्गात ते फळ सोलत आणि एकेक फोड एकेका मुलाला देऊन त्याला वर्गात ठरलेल्या जागी उभं करत. दाराजवळची मुलगी म्हणजे ईशान्येकडचे डोंगर. "की त्याही पलीकडे चीनची बाजू, पंडितांचं अजून एकमत नाही," हे न विसरता सांगत. तिथून आपला देश, मग इराण, मग अरबांची गलबतं, आणि खिडकीपाशी स्पेन. फळाबरोबर नावही कसं गेलं, हे सांगताना त्यांचा दमलेला आवाज जरासा चढे. नारंगचं नारंज झालं, पोर्तुगिजांच्या तोंडी लारांज. "आमचेंच नांव तोंड धुवन परत आयलें, आनी आमी ताका पावणो समजलों," असं म्हणून ते खुर्चीत बसत. मुलं तोवर सगळे देश खाऊन मोकळी झालेली असत.

एकदा तपासनीस नेमके त्याच तासाला आले. "हा धडा पुस्तकात कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"ना सायबा. पुस्तकात राजे आसात."

साहेबांनी शेरा लिहिला. मधल्या सुट्टीत मी मास्तरांना म्हटलं, उगाच कशाला बोललात? त्यांनी पाणी प्यायलं. मग म्हणाले, "बाय, राजा कधी रोपो खांदार घेवन चलता? कोण तरी घर सोडून वतालो. थकिल्लो. ताणें न्हेलें. ताचें नांव कोणें बरोवंक ना." घर सोडून जाणाऱ्या त्या माणसाचं नाव कुणी लिहिलं नाही, याचंच त्यांना वाईट वाटे.

पुढे सर्वणच्या वरच्या अंगाला खाण वाढत गेली. रस्त्यावरून दिवसभर ट्रक, आणि झाडांवर लाल थर. मास्तर रविवारी ओला पंचा घेऊन नारिंगाची पानं पुसत. मी एकदा मदतीला गेले. तासाभरात आमचे हात भरून आले आणि अर्धं झाडही झालं नव्हतं. त्यांनी अर्ज केले, कचेऱ्यांच्या बाकांवर बसून आले. पत्नी आधीच गेलेली. एका पावसाळ्यात खाणीची माती खाली उतरली आणि कुळागराचा झरा बुजला. त्या वर्षी बहर आला, फळ धरलं नाही. वाळपईला दिलेली मुलगी त्यांना न्यायला आली.

जाण्याआधी त्यांनी गुटी बांधली होती. फांदीची साल काढून, ओली माती गुंडाळून, मुळं फुटू दिलेली. अनेक बांधल्या, जगली ती एकच. ती डब्यात लावून ते माझ्या खोलीवर आले.

"बाय, कोरगांवा व्हर गो हें."

मी त्या दिवशी शाळेतून येऊन नुकतीच टेकले होते. कोरगावला न्यायचं तर भावांचं घर, तिथे माझा शब्द किती, रोजचं पाणी कोण घालणार, असं सगळं मनात आलं. मी म्हटलं, "मास्तर, मला कुठे जागा?"

त्यांनी मान हलवली आणि डबा उचलून ते निघाले.

दोन दिवसांनी त्यांना निरोप द्यायला सर्वणला गेले. अंगणात एक ट्रकवाला पाणी पीत होता, सिंधुदुर्गातला, खनिज वाहणारा. डबा त्याच्या हातात होता. "गुरुजी, चिंता करू नका. माझ्या परड्यात पाणी असा," तो म्हणाला, आणि डबा आपल्या सीटशेजारी ठेवून निघून गेला.

मला राग आला. "त्यालाच दिलंत? या ट्रकांनीच तर तुमचं झाड मारलं."

"जाणां मगो हांव," मास्तर म्हणाले. "पूण ताका परसूं आसा. आनी तो घरा वता." परसू असलेला, घरी जाणारा माणूस, एवढंच त्यांनी पाहिलं होतं.

वर्षाच्या आत वाळपईला ते वारले. मी उशिरा पोचले. मुलीनं चहा दिला, म्हणाली, शेवटी शेवटी बाबा फारसं बोलत नव्हते.

निवृत्तीनंतर मी दोनदा दोडामार्गच्या बाजूला जाऊन आले. तो तिकडचाच, एवढं मास्तरांकडून कळलं होतं. वाडीवाडीतून विचारत फिरले, पूर्वी खाणीवर ट्रक चालवणारा, दारात नारिंगाचं झाड असलेला कोणी आहे का? बायका भांडी घासता घासता थांबत, आपलेपणानं विचारत, "नाव काय त्याचा?"

ते मी त्या दिवशी विचारलंच नव्हतं.