तपकिरी कोटाला हिरवा दोरा

रफूवालीची जीभ म्हणजे कात्री. गिऱ्हाईक असो की नवरा, समोर आला की कापलाच. हात मात्र असा की फाटलं कुठं होतं ते फाडणाऱ्यालाही सापडू नये. दोरा निवडायचं काम पोरीचं. कापड खिडकीशी धरायचं, डब्यात हात घालायचा, जुळलाच रंग.

त्या पोरीला क्षय झाला. गोळ्या सुरू झाल्या, ताप पळाला, पोर अंगानं भरली. आणि एक दिवस तिनं वकिलाच्या तपकिरी कोटाला हिरवा दोरा काढून दिला.

"डोळे काय गहाण टाकलेस?" म्हणत रफूवालीनं धपाटा घातला.

"तपकिरीच आहे की, आई."

दुसऱ्या दिवशी लाल शालीची तीच गत. सुईचं नाकंही पोरीला घावेना. तेव्हा रफूवालीला आठवलं. गोळ्या देताना डॉक्टरीणबाई बोलल्या होत्या, नजरेत फरक वाटला तर लगेच या. आणि आपण पोरीला बडवत बसलो.

नवरा कुरकुरला, "गोळ्या बंद पडल्या अन् आजार उलटला तर?"

"बंद करायच्या का ते त्या सांगतील. तू दुकानात बस अन् कुणाचं काही शिवू नकोस."

डॉक्टरीणबाईंनी त्याच दिवशी डोळे तपासून घेतले. "यातली एक गोळी क्वचित डोळ्याच्या नसेला बाधते. ती आजपासून बंद, तिच्या जागी दुसरी. बाकीच्या चुकवायच्या नाहीत. वेळेवर आणलंत."

"नजर येईल माघारी?"

"बहुतेक येईल. धीर धरा."

धीर हा माल रफूवालीच्या दुकानात नव्हता. रोज सकाळी दोरे नाचवायची. "हा कोणता? अन् हा?" पोर वैतागली, "आई, माझा जीव खाऊ नकोस." उत्तरं चुकत राहिली. रफूवाली दोरे ठेवून मोरीत जायची आणि भांडी जोरात आपटायची. मग हळूहळू एखादं बरोबर यायला लागलं.

औषधं संपली, छाती साफ निघाली. शेवटच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी रंगीत ठिपक्यांचं पुस्तक उघडलं. पोरीनं त्यातले आकडे धडाधड वाचले, वर बाईंच्या कोपराकडं बोट केलं.

"तुमच्या स्वेटरला रफू केलाय ना, त्याचा लाल वेगळाय."

रफूवालीनं बाही धरून उजेडात ओढली.

"खरं बोलतेय. कुणी केलं हे? काढा तो स्वेटर."

बाईंनी हसत हसत काढून दिला.