हातावरचं दही

जिल्हाधिकारी कार्यालयाच्या बाकावर माझ्या शेजारी एक बहीणभाऊ बसले होते. बहीण चाळिशीची, समज मात्र लहान मुलीची. आईवडील गेले, म्हणून आता भावाला तिचा कायदेशीर पालक व्हायचं होतं. आज त्याचीच सुनावणी.

पुकारा झाला तसा भाऊ घाम पुसत उठला. "थांब दादा," म्हणत तिने पिशवीतून डबी काढली आणि त्याच्या तळहातावर चमचाभर दही ठेवलं. परीक्षेला निघताना आई ठेवायची, अगदी तसंच. त्या पन्नाशीच्या गृहस्थाने चारचौघांत ते मुकाट्याने चाटून टाकलं.

दोघं आत गेली. दार उघडंच होतं. अधिकारी बाईंनी त्याला बाजूला बसवून तिलाच विचारलं, "ताई, दादांकडे राहायचंय ना तुम्हाला? नीट सांभाळतात ना?"

मला बरं वाटलं. जिला स्वतःला जपता येत नाही असं कायदा म्हणतो, तिलाही शिक्का मारण्याआधी तोच कायदा विचारतो. एरवी घरात तरी कोण कुणाला असं विचारतं?

तिने बराच विचार केला.

"दादा एकटा घाबरतो हो," ती म्हणाली. "त्याला माझ्याकडेच राहू द्या."