एका किकातली राजदूत

७ नोव्हेंबर २०२५ रोजी अनुसयाबाईने नवऱ्याची राजदूत मोटारसायकल भंगारात द्यायचे ठरवले आणि लखमा भंगारवाल्याकडून पाचशे एक्कावन्न रुपये इसार घेऊन पदराच्या गाठीला बांधला. नवरा, म्हणजे वसराम राठोड, तेव्हा सेनगावला दाढी करायला गेला होता. परतला तेव्हा गालांवर तुरटीचा थंडावा होता. बातमी ऐकली आणि गाल तापले.

"मला न विचारता?"

"भाव पडलाय, सोयाबीन घरातच ठेवायचं म्हणता. पोती कुठं ठेवू? तुमच्या डोक्यावर?" अनुसयाबाई म्हणाली. "ती सपरात एकोणीस वरसं बसून हाय. घरात बसून खाणारं एक माणूस पुरे की!"

वसराम शाळेतून निवृत्त झालेला शिपाई. टोमणा बरोबर लागला.

साखरा गावाजवळच्या त्यांच्या तांड्यातली पहिली मोटारसायकल वसरामचीच. तिच्यावरून दोन बाळंतिणी दवाखान्यात पोचल्या, तीन नवरदेव मांडवात गेले आणि एकदा पाहुण्यांसाठी घेतलेला बोकड त्याच्या मांडीवर बसून सेनगावहून आला. २००६ साली गुडघ्यात वात शिरला आणि गाडी सपरात गेली. पण ती बंद पडली, असे वसराम कधीच म्हणाला नाही. "ठेवलीय," म्हणायचा. "मनात आणलं तर आजबी एका किकात चालू होईल." हे वाक्य तांड्यातल्या लेकरांना पाढ्यासारखे पाठ होते. वसराम पारावर येताना दिसला की तीच आधी म्हणायची, "एका किकात!"

दर दसऱ्याला तो गाडीवरचे पोते काढी, टाकी पुसे, सायलेन्सरला चंदेरी रंगाचा एक हात मारी, झेंडूचा हार घाली, नारळ फोडी आणि पुन्हा पोते पांघरी. किक मात्र कधी मारली नाही. देवाला नमस्कार करावा, त्याची परीक्षा घेऊ नये, असे त्याचे मत होते.

आता परीक्षा आली होती. अनुसयाबाईने सरळ सांगितले, "मंगळवारी लखमा गाडी न्यायला येईल. तवर चालू करून दाखवा, मी इसार परत करते. न्हाई झाली, तर गाडी गेली. मंग पारावर त्या किकीचं नावबी काढायचं न्हाई."

वसरामला गाडी गेल्याचे दुःख सोसले असते. पण उरलेले आयुष्य पारावर कोणत्या तोंडाने बसायचे?

शनिवारी तो सेनगावहून रविंद्रला घेऊन आला. रविंद्रचे स्टँडमागे गॅरेज होते, हात चलाख होता. पण वय सव्वीस, राजदूत त्याने फक्त लग्नाच्या जुन्या फोटोंत पाहिली होती. इंजिन दगडासारखे जाम होते. त्याने प्लगच्या भोकातून डिझेल ओतले आणि रात्रभर मुरू दिले. टाकीत गिट्टी घालून दोघांनी ती बाळासारखी हलवली, तेव्हा गंजाचा लाल चहा निघाला. कार्बोरेटरमध्ये कुंभारमाशीने मातीचे घर बांधले होते.

रविवारी इंजिन सुटले.

"काका, हा प्लग धरा जरा," रविंद्र म्हणाला आणि त्याने किक हाणली. वसराम हातभर उडाला.

"करंट हाय!" तो आनंदाने ओरडला. "पोरा, अजून एकदा धरू का?"

सोमवारी पेट्रोल लागले. वसरामने मान खाली घालून बायकोकडे पैसे मागितले. तिने पदराची गाठ सोडली. ऑइल मिसळून पेट्रोल टाकीत गेले, आणि किकांना सुरुवात झाली. दहा वसरामच्या, तीस रविंद्रच्या. गाडी प्रत्येक वेळी घशात काही अडकल्यासारखी 'घुर्र' करी आणि गप्प होई.

"करंट हाय, पेट्रोल हाय, दाब हाय. मंग काहून धरंना?" रविंद्रने घाम पुसत सायलेन्सरवरून हात फिरवला. "काका, जुन्या गाडीचा सायलेन्सर मागून असा गोल बंद राहायचा का?"

"पक्कं काम राहायचं तवा!" वसराम अभिमानाने म्हणाला.

समोर तूर निवडत बसलेल्या अनुसयाबाईने वर पाहिले आणि पुन्हा सुपात डोके घातले.

मंगळवारी लखमा टेम्पो घेऊन आला. पुढे लग्नाला जायचे होते म्हणून अंगात पांढरा शर्ट होता. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि मागे उभा राहून हसला. "मामी, मेलेलं ढोर दारात जास्त दिवस ठेवू न्हाई. मामालाबी घालू का टेम्पोत? वजनात धरतो!"

अनुसयाबाई उठली. "माझ्या घरचं काही मेलेलं न्हाई," म्हणाली, आणि खुरपे घेऊन सायलेन्सरच्या मागच्या टोकावर घाव घालू लागली.

"अगं, काय करून राहिली?" वसराम धावला.

"कणगीचं तोंड फोडून राहिले."

चंदेरी रंगाचा पोपडा उडाला, खाली वाळलेले शेणमातीचे लिंपण निघाले. २००६ साली वसरामच म्हणाला होता, "नळीत उंदीर शिराया नगं." तिने ज्वारीची कणगी बंद करतात तसा बंदोबस्त केला होता: आत राख, कडुलिंबाचा पाला, तोंडाला लिंपण. त्यावर याने एकोणीस दसरे रंग चढवला आणि खाली काय आहे ते विसरून गेला.

"अन् चार दिवस बोलली काहून न्हाईस?"

"इसार मीच घेतला होता न्हवं? आता बोलत बसता का किक मारता?"

वसरामने गाडीला नमस्कार केला आणि किक मारली. एकच. आधी तोफ उडाल्यासारखा आवाज झाला, मग एकोणीस वर्षांची राख आणि पाला एका दमात बाहेर पडला. मागे उभा असलेला लखमा राख चोळून ठेवलेल्या बियाण्यासारखा दिसू लागला. आणि राजदूत फटफट करीत थरथरू लागली.

"एका किकात!" वसराम गरजला.

रविंद्रने कालच्या चाळीस किकांची आठवण करून द्यायला तोंड उघडले, काकांचा चेहरा पाहिला आणि मिटले.

"पारापर्यंत नेऊन आणा," अनुसयाबाई मागे बसत म्हणाली. "सावकाश. तुमच्या गुडघ्याचं करंट मला ठाऊक हाय."

निघण्याआधी तिने गाठ सोडून इसार परत केला. गाठीत पाचशेच होते. बाकीचे काल पेट्रोलला गेले होते.

लखमाचे एक्कावन्न रुपये अजून द्यायचे आहेत.